गुंडभर गरम पाणी

देवाकडे मी कधी काही मागितलं नाही, हे मी पूर्वी मोठ्या ताठ्याने सांगायचे. देवळात गेले की माझी नजर मूर्तीच्या आधी खांबांवर जायची, छतावर जायची, दगडाला दगड कसा बसवलाय तिकडे जायची. हात जोडायचे ते शेजारी उभी असलेली माणसं बघतात म्हणून. आत कोणी ऐकणारं आहे की नाही, याची मला कधी खात्री वाटली नाही आणि तशी खात्री करून घ्यावी असंही वाटलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मात्र आमच्या गावात जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मला काही सिद्ध करायचं नाही. जसं घडलं तसं लिहिते.

आमगावच्या पोस्टात माझी नोकरी झाली. यजमान गेले, मी निवृत्त झाले, आणि माझी धाकटी नणंद सुमन माझ्याकडे गावच्या घरी राहायला आली. तिचंही मागे कोणी नव्हतं. दोघी बायका एका घरात राहिल्या की भांडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. आम्ही भांडलोही, पण बहुतेक वेळा बस पकडताना. कारण आम्हाला छंद लागला तो जुनी देवळं आणि जुनी घरं बघत हिंडण्याचा. नागऱ्याच्या महादेवापासून सुरुवात झाली. मग रामटेक झालं, पवनीची जुनी वेस झाली, कचारगडच्या गुहेपर्यंत आम्ही धापा टाकत चढून आलो. मार्कंड्याला तर एकेका शिल्पापुढे मी इतकी रेंगाळले की परतीची गाडी गेली आणि सुमन दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

जुन्या मालगुजारांच्या घरांची मजा वेगळी. आम्ही सरळ दार वाजवायचो. घर बघायला आलोय म्हटल्यावर घरची माणसं आधी चपापायची, सोयरीक घेऊन आलो की काय असं त्यांना वाटायचं. मग एकदा खुलली की धानाच्या कोठीपासून माडीपर्यंत सगळं उघडून दाखवायची. सागवानी खांबावरून हात फिरवताना, वाकून आत जायच्या त्या ठेंगण्या दारातून शिरताना, ज्यांनी हे घडवलं त्यांच्या हातांची मला फार माया वाटायची. सुमन मात्र अशा प्रत्येक घरात आधी देवघर शोधायची. देवळात मी खांबाला हात लावून उभी राहिले की ती म्हणायची, "वयनी, तुमी देवाले हात जोडाले येता का खांब मोजाले?" मी म्हणायचे, तू दोघींच्या वाटणीचे हात जोड.

आणि एवढं सगळं हिंडून एक देऊळ मात्र आम्ही आतून बघितलेलं नव्हतं. ते आमच्याच गावचं. आमच्या घरासमोर, बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या पाळीवर, काळ्या दगडाचं, ठेंगणंसं, अंगावर एक वेलबुट्टी नसलेलं मारोतीचं देऊळ. मारोती ब्रह्मचारी, म्हणून बाईने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, ही गावाची रीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बाहेरूनच बघत आले. आत अंधारात शेंदराचा मोठा गोळा दिसायचा. दर शनिवारी तेल आणि शेंदूर, वर्षानुवर्षं, पिढ्यान्‌पिढ्या. थर चढून चढून मूर्तीचे नाकडोळे बुजले होते, पण गावातलं शेंबडं पोरही सांगायचं की हे तोंड, ही मागे शेपटी, आणि डाव्या बाजूला कुशीत धरलेली ही गदा.

ते देऊळ पाडायचं ठरलं. पावसाळ्यात गळायचं, एक बाजू खचली होती. समितीचे अध्यक्ष वासुदेवभाऊजी, माझे चुलत दीर, मनाने वाईट माणूस नव्हे, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. त्यांना स्लॅबचं देऊळ हवं होतं, पांढऱ्या टाइल्स, उंच कळस, रस्त्यावरून दिसेल असा. मी विरोध केला. आता कबूल करते, फार वाईट रीतीने केला. भर सभेत मी म्हटलं की तुम्हाला देव नकोय, तुम्हाला बाथरूम बांधायचंय. चार माणसं हसली आणि बाकीची माझ्यापासून कायमची दुरावली. मी अर्ज लिहिले, फोटो जोडले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. देऊळ कुठल्या यादीत नव्हतं, त्यावर लेख नव्हता, बाहेरून दिसेल असं कोरीवकाम नव्हतं. सगळीकडून नम्रपणे नकार आला. शेवटच्या सभेत भाऊजी शांतपणे म्हणाले, "वयनी, जे देऊळ तुमी आतून पायलंच नाही, त्याच्यासाठी काऊन भांडून राहिल्या?"

सगळ्या जिल्ह्याला शहाणपण शिकवणारी मी, मान खाली घालून घरी आले.

पाडायच्या दिवशी सकाळी लवकर मी एकटीच देवळासमोर जाऊन उभी राहिले. आत नेहमीसारखा अंधार होता. गेले सहा महिने मी चिडत होते, झोपेत सुद्धा भांडत होते, आणि आता अंगात काही उरलं नव्हतं. मी हात जोडले नाहीत. मोठ्याने म्हणाले, "माझ्याने आता होत नाही. तुझं तू बघ." प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं, राग होता आणि थकवा होता. पण खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे कुणाशी तरी बोलले होते.

थोड्या वेळाने पिवळं जेसीबी आलं. चालवणारा बालाघाटकडचा होता, तिशीचा असेल, गळ्यात लाल गमछा. गावातला कोणी त्याला ओळखत नव्हता. ठरलेला माणूस आला नाही म्हणून ऐनवेळी याला धाडलं होतं. आता भांडायचं नाही असं ठरवूनही मी त्याच्यासमोर गेलेच. म्हटलं, दगडाला दगड लावायला बापजन्मी शिकला नाहीस आणि पाडायला आलास. तो खाली उतरला, चपला काढल्या, देवळाकडे बघून हात जोडले आणि मग मला म्हणाला, "माताजी, मशीन तो मैं चला दूँगा. पर भगवान को नहलाया क्या?"

भाऊजींनी सांगितलं की पूजा झाली आहे, देवाचं तेज कलशात घेतलं आहे, आता मूर्ती उचलून बाजूच्या मांडवात ठेवली की काम सुरू. तो मान हलवत राहिला. त्यांच्या गावी म्हणे देवाला घरातून हलवायचं तर आधी गरम पाण्याने न्हाऊ घालतात, पाहुण्याला पारोसा वाटेला लावत नाहीत. त्याशिवाय तो यंत्र सुरू करणार नव्हता. पुजारी म्हणाले की आमच्या मारोतीला पाणी कधी घातलंच नाही, त्याला फक्त तेल-शेंदूर. माणसं आपसात कुरकुरली. पण नाही म्हणायची हिंमत कोणाची होईना, कारण उद्या गावात काही वाईट झालं असतं तर ते नाही म्हणणाऱ्याच्या माथी बसलं असतं. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले. सगळ्यात जवळचं घर माझंच.

मी काय करावं? ज्या देवाला ठेवून घेण्यासाठी मी गावाशी वैर घेतलं, त्याच्या निरोपाचं पाणी मीच तापवायचं. सुमन चुलीकडे गेली, तिने लाकडं पेटवली आणि पाण्याने भरलेला तांब्याचा मोठा गुंड वर चढवला. मी तिच्याशेजारी बसून जाळ सारत राहिले. धुरामुळे की कशामुळे, दोघींच्याही डोळ्यांना धार लागली होती. पाणी चांगलं तापल्यावर मी स्वतः गुंड उचलून उंबऱ्यापर्यंत नेला आणि आतल्या माणसांच्या हातात दिला. त्या क्षणी मला कोणाचा राग उरला नव्हता, भाऊजींचाही नाही. एवढंच वाटत होतं की पाणी फार कढत नसावं.

दोन गुंड आत गेले. तिसरा नेऊन दिला तेव्हा आतून काहीतरी ओलं, जड असं खाली पडल्याचा आवाज आला. बाहेर आम्हाला वाटलं कोणाला लागलं. पुजारी बाहेर आले, कोपरापर्यंत हात शेंदराने माखलेले. ते पायरीवर बसले आणि नुसते बघत राहिले. त्यांच्यामागून भाऊजी आले. त्यांचा चेहरा मी एवढ्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता.

"वयनी, आत या जी. हा मारोती नाही. माय आहे."

मी उंबऱ्यापाशी थबकले. सुमनने मागून माझा हात धरला आणि आम्ही दोघी एकदमच आत गेलो.

पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटून खाली पडला होता. आणि मागे काळ्या दगडाची, ओली, तुकतुकीत माउली बसली होती. एक पाय दुमडलेला, एक खाली सोडलेला. गळ्यात हार, मानेवर मोठा अंबाडा. ज्याला आम्ही मारोतीची शेपटी म्हणत होतो, तो तिच्या पाठीमागच्या झाडाचा बुंधा होता. आणि ज्याला सगळं गाव गदा म्हणत आलं, ते तिच्या मांडीवरचं मूल होतं. तिने डाव्या हाताने त्याला कुशीत घट्ट धरलं होतं. इतक्या बारीक कामाचं बोट मी मार्कंड्यालाही पाहिलं नाही. आणि आम्ही तिच्या लेकींना इतकी वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं, ते ती ब्रह्मचारी आहे म्हणून.

मी खाली बसले आणि हमसून हमसून रडले. खांब बघायचं भान मला राहिलं नाही. छतावर काजळीखाली दगडात कोरलेलं मोठं कमळ आहे, हे मला सुमनने दुसऱ्या दिवशी दाखवलं.

मग बाहेर एकच गोंधळ उडाला. मायीला लुगडं कसं नेसवायचं हे पुजाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? बायकांना हाक गेली. जिने ज्या घरात ऐकलं ती तशीच धावत आली, कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या कमरेला पदर खोचलेला. म्हाताऱ्या बाया उंबऱ्यावर डोकं टेकून आत येत होत्या आणि बाहेर जायचं नाव घेत नव्हत्या. कोणीतरी ठेवणीतलं हिरवं पातळ आणलं. ओट्या भरल्या गेल्या. मी विधवा म्हणून मागे सरले तर सुमनने, तीही तशीच, नारळ माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, मायजवळ कायची लाज? ती ओटी मी भरली. कोणी हरकत घेतली नाही.

भाऊजी बाहेर दगडावर बसून होते. माणसांनी विचारलं, आता काय करायचं. ते म्हणाले, "मायले घराबाहेर काढाचं माह्या हातून होत नाही." विषय तिथे संपला. सुटलेलं कवच ट्रॅक्टरवर ठेवून डफड्यांच्या गजरात बाघ नदीत विसर्जन केलं, आणि त्या मिरवणुकीत पुढे नाचणारे भाऊजीच होते. खचलेली बाजू तेच दगड पुन्हा बसवून उभी केली, गळती बंद झाली. शनिवारचं तेल चुकू नये म्हणून पिंपळाखाली एक नवा मारोती बसवला. त्याच्या ओट्याला भाऊजींनी पांढऱ्या टाइल्स लावल्या. मी त्यावर एक अक्षर बोलले नाही, हाही मी माझ्यापुरता प्रसादच समजते.

तेल तापलं की सुटतं, हे भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. कोणी मला ते समजावून सांगायला येतं तेव्हा मी मान डोलावते. पण इतकी वर्षं ते मला सुचलं नव्हतं, गावात कोणालाच सुचलं नव्हतं. माझं सगळं ज्ञान, अर्ज, फोटो, तोंडाचा पट्टा यातलं काही कामी आलं नाही. मी हरले, हात टेकले, सांगितलं ते पाणी तापवून दिलं, तेव्हा तिने तोंड दाखवलं. आता मी रोज सकाळी आत जाऊन बसते. काही मागत नाही, पण पूर्वीच्या ताठ्याने नाही. बसले की मागायचं राहूनच जातं.

तो जेसीबीवाला त्या गर्दीत कधी निघून गेला ते कळलं नाही. नाव कोणी विचारलं नाही. सुमन प्रसाद घेऊन रस्त्यापर्यंत धावली होती, तोवर यंत्र वळणापलीकडे गेलं होतं. तेव्हापासून रस्त्यात कुठेही पिवळं जेसीबी दिसलं की मी थांबून हात जोडते. आमगावच्या भर बाजारात सुद्धा. पोरं हसतात, चालवणारा गोंधळून इकडेतिकडे बघतो, आणि माझ्या शेजारी उभी राहून सुमनही हात जोडते.