शिवणखोलीसमोरचे ससाणे

माझी मावशी एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणखोलीत कामाला होती. सत्तावीस वर्षं. फाटक्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, नाड्या गेलेले पायजमे, सगळं धुलाईतून निघालं की तिच्या मशीनपाशी येऊन पडायचं. शाळा तिने सातवीत सोडली होती, आणि ते ती कधी लपवायची नाही. "सातवी पास, पुढे शिवण," असं ठणकावून सांगायची. जीभ फटकळ आणि नजर धारदार. पाठमोऱ्या माणसाची उसवलेली शिवण तिला पन्नास पावलांवरून दिसायची, आणि ती त्याला थांबवून सांगायचीही. मग तो रुग्णालयातला सगळ्यात मोठा सर्जन का असेना!

मी तिच्याकडेच वाढले. पुढे मला त्याच रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर नोकरी लागली, त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलंय.

शिवणखोली पाचव्या मजल्यावर होती. खिडकीतून चौकापलीकडे जुन्या इमारतीची मागची भिंत दिसायची. तिच्यावर, आमच्या खिडकीपेक्षा जरा खाली, एक रुंद दगडी छज्जा होता. एका वर्षी थंडी सरताना तिथे ससाण्यांची जोडी आली. मावशीने आधी त्यांना घारी समजून दुर्लक्ष केलं. मग एकाने भर चौकात, तिच्या डोळ्यांसमोर, उडतं कबूतर हवेतल्या हवेत टिपलं, तेव्हा तिचं मशीन पहिल्यांदा मधेच थांबलं.

बातमी पसरली आणि विद्यापीठातल्या पक्षितज्ज्ञ बाई दुर्बीण घेऊन आल्या. सगळे त्यांना पक्ष्यांच्या बाई म्हणायचे.

"हे बहिरी ससाणे," त्या म्हणाल्या. "घरटं बांधत नाहीत. खडीत नुसता खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात."

"म्हणजे संसार मांडायचा आणि काडीसुद्धा आणायची नाही!" मावशी म्हणाली. "आणि तो लहानखुरा कोण? मुलगा?"

"नवरा. यांच्यात मादी मोठी असते."

"बरोबर आहे. मुकाट्याने आणून देतो, म्हणजे नवराच असणार."

तेव्हापासून मादी झाली बाईसाहेब आणि नर झाला रावसाहेब. पक्ष्यांच्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. मावशी सहा दिवस तिथेच असायची. कपड्यांच्या गठ्ठ्यांना बांधून येणाऱ्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूला ती पेन्सिलने लिहायला लागली. "८:४०, राव आला, लहान पक्षी. १०:१५, बाईसाहेब उठल्या, अंडी उलटली, बसल्या." भांडारप्रमुखांनी एकदा टोकलं, "खिडकीबाहेर बघायचा पगार मिळत नाही तुम्हाला."

मावशीने समोरचा गठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला. "यातला एक टाका वाकडा दाखवा. मग खिडकीला पडदा मीच शिवते."

त्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि निघून गेले. पुन्हा कधी टोकलं नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, ते ससाण्यांचं चौथं वर्ष. चार अंडी होती. बाईसाहेब अंड्यांवर बसल्यापासून एकतिसाव्या दिवशी दुपारी मी डबा खायला वर गेले, तर मावशी खिडकीशी उभी.

"आज फुटणार," ती म्हणाली.

"कशावरून?"

"बघ ना. महिनाभर पोतं पसरावं तशी बसली होती. आज पोट उचलून बसलीये, आणि सारखी मान खाली घालून ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी खळग्याच्या कडेला अर्धं कवच पडलेलं होतं, आणि बाईसाहेबांच्या पोटाखाली पांढऱ्या कापसाचा गोळा हलत होता. संध्याकाळपर्यंत तीन झाले. चौथं अंडं फुटलंच नाही. रावसाहेबाने भक्ष्य आणलं तेव्हा मावशीने मला दंडाला धरून खिडकीशी ओढलं. कबुतराची मान मोडणारी बाईसाहेबांची ती चोच, पण घास एवढासा तोडत होती आणि मान तिरकी करून असा अलगद पिल्लांपुढे धरत होती की वाटावं सुईत दोरा ओवतेय. "एवढा हलका हात असावा लागतो," मावशी पुटपुटली. तिच्या तोंडून ही कौतुकाची परमावधी होती. मला शिवण शिकवताना तिने इतकं चांगलं कधी म्हटलं नव्हतं.

पिल्लं सहा दिवसांची झाली आणि घात झाला.

सकाळपासून गार वारा सुटला होता. अकराच्या सुमारास मावशी खाली माझ्या खिडकीपाशी आली. रांगेतल्या लोकांच्या पुढे जाऊन म्हणाली, "राव आला नाही."

"येईल गं. दमला असेल."

"दिवसाला सहा फेऱ्या असतात त्याच्या. काल दुपारनंतर एकही नाही. ती उपाशी, पिल्लं उपाशी. तिने शिकारीला जावं तर या वाऱ्यात पिल्लं गारठतील. बाईंना फोन लाव."

मी लावला. बाई म्हणाल्या, कधीकधी नर लांब जातो, घाबरू नका, उद्या सकाळी येऊन बघते. मावशीने माझ्या हातातून फोन घेतला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी नाही. पण चार वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे. या दिवसांत दिवसाउजेडी तो एकदाही चार तासांच्या वर गैरहजर नाही. उद्या याल तर मोजायला पिल्लं उरलेली नसतील."

मग बाई म्हणाल्या, "तासाभरात निघते. येताना खाणं घेऊन येते."

तेवढ्यावर मावशी थांबली नाही. "तो नेहमी नव्या इमारतीच्या बाजूने येतो," ती म्हणाली आणि चालू लागली. नवी इमारत म्हणजे आठ मजले नुसती काच. जेवणाची सुट्टी काढून मी तिच्यामागे. इमारतीच्या मागे, वातानुकूलनाच्या पेट्यांच्या फटीत, रावसाहेब बसलेला होता. काचेवर आदळला असावा; एक पंख लोंबत होता. आम्हाला पाहून त्याने चोच उघडली, पण डोळे काही झुकवले नाहीत.

"अस्सा!" मावशी म्हणाली. "ताठा आहे अजून. म्हणजे जगेल."

तिने येताना खांद्यावर टाकून आणलेली चादर झटकली, पाळण्यातल्या बाळावर घालावी तशी त्याच्यावर टाकली, आणि पंख दाबू न देता त्याला उचललं. मी वाटेत उचललेलं खोकं धरून उभी होते.

बाई आल्या त्या प्राणिसंग्रहालयातून गोठवलेले लावे पक्षी घेऊन. रावसाहेबाचं खोकं पशुवैद्यांकडे गेलं. छज्ज्याच्या वरच, जुन्या इमारतीच्या जिन्याला एक खिडकी होती. तिथून दोरीने लावे सोडायचं ठरलं. पहिल्यांदा बाईंनी सोडले, तर बाईसाहेब अंगावर धावून आल्या.

"तुमचा कोट पांढरा आहे," मावशी म्हणाली. "तिला निळं चालतं. खिडक्या पुसणारे निळ्यात येतात, त्यांना ती कधी काही करत नाही." तिने स्वतःचा निळा झगा बाईंच्या अंगावर चढवला. दुसरा लावा खाली पोचला. बाईसाहेबांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग पाय ठेवून पहिला घास तोडला.

सगळ्यात धाकटं पिल्लू तरीही दुसऱ्या सकाळी मेलं. मावशीने त्या दिवशी चिठ्ठीवर नुसती वेळ लिहिली. पण उरलेल्या दोघांसाठी ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा जिन्यावर हजर राहिली. दहा-बारा दिवसांनी पिल्लांना ऊब कमी लागू लागली, तशी बाईसाहेब स्वतः शिकारीला निघाल्या. लावे हळूहळू कमी करत बंद केले.

अंडी फुटल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी मोठं पिल्लू उडालं आणि धडपडत रुग्णवाहिकेच्या टपावर उतरलं. चालकाने भोंगा वाजवायला हात नेला, तोच पाचव्या मजल्यावरून मावशी ओरडली, "खबरदार!" सगळा चौक वर बघायला लागला. चालकाने इंजिन बंद केलं. पिल्लू वीस मिनिटं बसलं, पिसं सारखी केली आणि उडून जुन्या इमारतीच्या माथ्यावर गेलं. चौकातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं दोन दिवसांनी उडून गेलं, कुणाला न विचारता.

रावसाहेबाचा पंख जुळला, पण त्याला पुन्हा शिकार जमणार नाही असं पशुवैद्यांनी सांगितलं. त्याला एका पक्षिगृहात ठेवलंय. मावशी महिन्यातून एकदा भेटायला जाते. तो तिला ओळखत नाही, असं ती बजावून सांगते. ओळखतो असं म्हणणाऱ्यांचा तिला राग येतो.

वर्षअखेरीला बाईंनी विद्यापीठाचा छापील अहवाल आणला. चार वर्षांच्या चिठ्ठ्यांवरून तयार केलेले तक्ते त्यात होते: फेऱ्या, वेळा, भक्ष्य. खाली लिहिलं होतं, "निरीक्षणे : रुग्णालयातील एक कर्मचारी." मावशीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग अहवाल परत केला.

"हे उसवा," ती म्हणाली. "कर्मचारी दोन हजार आहेत इथे. नीट लिहा: शिवणखोली, पाचवा मजला."

बाईंनी पान बदलून घेतलं.