सिस्टरबाई आणि गारांचा नाताळ

सिस्टरबाईंचा नाताळ दिवाळीच्या पणत्या ओट्यावरून उचलायच्या आधीच सुरू व्हायचा. भाऊबीज झाली, की दुसऱ्या दिवशी त्या लोकरीचं गाठोडं घेऊन दारात हजर. आत यायच्या नाहीत, तिथूनच हाक मारायच्या, आणि ती हाक गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जायची. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून काम केलेलं. गर्दीत पेशंटांची नावं पुकारून पुकारून हळू बोलायची सवयच सुटलेली. पांढुर्ण्यातलं अर्धं गाव त्यांच्या हातची सुई टोचून घेऊन मोठं झालं होतं. बाजारात त्या दिसल्या की चांगले पोक्त दुकानदारसुद्धा नकळत दंडावरून हात फिरवायचे.

मी सौंसरची. लग्न होऊन पांढुर्ण्यात आले तेव्हा इथल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये कोणाला ओळखत नव्हते. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर बाईंनी माझ्या हातात विणायच्या सुया दिल्या. मला विणता येत नाही, असं मी चाचरत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू मी चालता येत नाही असं म्हणाले होते.

"मग शीक ना," त्या म्हणाल्या. "डिसेंबर लागाले अजून टाईम आहे."

मी शिकले. माझ्या पहिल्या स्वेटरचा एक हात लांब आणि एक आखूड झाला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि असाच मापाचा एखादा माणूस नक्की सापडेल म्हणाल्या. मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की पाळकसाहेब आतून डोकावून गेले. त्या दिवसापासून मला पांढुर्णा परकं वाटलं नाही.

डिसेंबर लागला की बाईंच्या अंगात वारं शिरायचं. चर्चची रंगरंगोटी, कळसावरचा कागदी तारा, पोरांची नाटिका, केक, सगळीकडे त्याच. आमच्याकडे घरोघरी ओव्हन नव्हते. मैदा, अंडी, साखर, लोणी घेऊन बाया बसस्टँडजवळच्या बेकरीत जायच्या आणि भट्टीत आपापले डबे लावायच्या. बेकरीवाले चाचा त्या दिवशी पावाचं काम लवकर आटोपून भट्टी आमच्यासाठी मोकळी ठेवत. डब्यांची अदलाबदल होऊन दरवर्षी भांडण व्हायचं आणि दरवर्षी बाईच निवाडा करायच्या. त्यांचा नियम एकच होता. भट्टीतून निघालेला पहिला केक कोणाचाही असो, तो दवाखान्यातल्या पेशंटांचा. एकदा तो माझ्या सासूबाईंचा निघाला आणि त्यांचा चेहरा पडला. बाईंनी त्यांनाच सोबत नेलं आणि त्यांच्याच हातानं वॉर्डात केक वाटायला लावला. पुढल्या वर्षी सासूबाई आपला डबा सगळ्यांच्या आधी भट्टीत लावायला धडपडत होत्या.

घरोघरी गाणी म्हणत फिरायची आमची टोळी होती. कोणाकडे गिटार, कोणाकडे कीबोर्ड, पण ताल बाईंच्या ढोलकीचा. आपल्या भजनासारखा ठेका धरून त्या नाताळची गाणी अशी उचलायच्या, की दार उघडणारा माणूस आधी पाय हलवायचा आणि मग आम्हाला आत बोलवायचा. ढोलकीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. बाई ती बाळासारखी दुपट्यात गुंडाळून आणत.

आणि वाटपाची त्यांची एक रीत होती. स्वेटर, कांबळी, फराळ, जे काही जमेल ते चर्चच्या आवारात लोकांना रांगेत उभं करून द्यायचं नाही. ज्याला द्यायचं त्याच्या घरी जायचं, बसायचं, तो देईल ते पाणी, चहा घ्यायचा, मग पिशवी उघडायची. "आधी त्याच्या घरचं खाल्लं, की मग तो आपलं घेते," असं त्या म्हणायच्या. एकदा कोणीतरी वाटपाचा फोटो काढायला मोबाइल वर केला. बाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माझा एकटीचा काढ. आज मी चांगली दिसून राहिली."

गारा पडल्या त्या वर्षाचा नाताळ मात्र या सगळ्याहून वेगळा झाला.

नाताळ दोन दिवसांवर आला होता. आवारात मंडप उभा राहिला होता, नागपूरहून पाहुणे पाळक यायचे होते, आम्ही बाया पडदे लावत होतो. दुपारी आभाळ एकाएकी काळंनिळं झालं आणि बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा कोसळायला लागल्या. आम्ही पळत आत गेलो. मंडपाचं कापड आमच्या डोळ्यांसमोर फाटलं, कळसावरचा तारा खाली येऊन चिखलात पडला. थोड्या वेळानं सगळं थांबलं तेव्हा पोरं रडायला लागली होती आणि मोठ्यांचे चेहरे त्यांच्यापेक्षा बरे नव्हते.

बाई मंडपाकडे पाहतच नव्हत्या. त्या सौंसर रोडच्या दिशेला पाहत होत्या. तिकडे संत्र्याच्या बागा होत्या आणि तोडणीसाठी तामियाकडच्या डोंगरातून आलेली माणसं बागेतच ताडपत्रीच्या पालांत राहत होती. "तिथं लेकरं आहेत," त्या म्हणाल्या. खुर्च्या घेऊन आलेला टेम्पो दारात उभा होता. बाई सरळ ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसल्या आणि आम्ही मागे चढलो.

बागेत शिरलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. जमीन संत्र्यांनी आणि गारांनी भरलेली. ताडपत्र्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, पीठ भिजलं होतं, पांघरुणं चिखलात लोळत होती. बाया लेकरांना पोटाशी धरून झाडाखाली उकिडव्या बसल्या होत्या. बागेचे मालक, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो, बांधावर नुसते उभे होते. त्यांच्या शेडवरचे पत्रेही फुटले होते. या माणसांना आता ठेवू कुठं, एवढंच ते बाईंना विचारत राहिले. बाईंनी लेकरांची डोकी, खांदे तपासले. मुका मार होता, त्याहून जास्त कोणाला लागलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या की चर्चचा हॉल कोरडा आहे, आणि तिथूनच हॉल उघडायला फोन केला.

परत आलो तेव्हा आमचे सचिवकाका हॉलच्या दारात होते. चर्चच्या मंडळीचा सगळा कारभार तेच पाहत. माणूस भला, पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं, तरी आम्हाला ऐकू आलं.

"बाई, मी नाही म्हणून नाही राहिलो," काका म्हणाले. "पण दिवस कसे आहेत तुम्हाले माहीत आहे. उद्या कोणी म्हटलं, नाताळच्या नावावर गरिबायले बोलावून धर्म शिकवून राहिले, तर मंडळीनं काय करायचं?"

ती भीती आमच्या सगळ्यांच्याच मनात होती. मला वाटलं, बाई आता चिडणार. त्या चिडल्या नाहीत. ओल्या पदरानं त्यांनी हात पुसले.

"काका, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच हे आपण एकट्यानं करायचं नाही. सारं गाव बोलावू."

त्यानंतर बाईंनी जी धावपळ केली तिला तोड नाही. मागच्या गल्लीत बुद्धविहार होतं. विहाराच्या समितीतले सगळे बाप्ये त्यांनी लहानपणी टोचलेले. त्यांनी ऐकल्या ऐकल्या विहाराचा हॉल उघडला आणि भीमजयंतीच्या जेवणावळीची मोठी भांडी बाहेर काढली. बाईंनी वॉर्डाच्या नगरसेवकाला फोन करून सगळं सांगितलं, तुम्ही स्वतः येऊन पाहा म्हणाल्या. भाऊसाहेबांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला, वहिनींना, सोबत घेतलं. दिवस मावळायच्या आत बाया आणि लेकरं चर्चच्या हॉलमध्ये आणि पुरुष विहारात, अशी सोय लागली. भाऊसाहेबांकडून तूरडाळ आणि तांदूळ आले, चाचांनी पावाच्या लाद्या पाठवल्या. विहाराच्या चुलीवर वरणाला फोडणी बसली तेव्हा तिचा वास आमच्या आवारापर्यंत आला आणि मला पहिल्यांदा वाटलं, की नाताळ आला.

काकांची भीती अगदीच खोटी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तरुण मोटरसायकलवरून आले आणि इथं काय चाललंय म्हणून जरा घुश्श्यातच विचारू लागले. आम्ही गडबडलो. वहिनी चर्चच्या पायरीवर परातीत कणीक मळत बसल्या होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी मानही वर केली नाही.

"जेवण होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "आमच्या बागेतली माणसं आहेत. बसता का, का पोळ्या लाटता?"

तेवढ्यात बाई हॉलमधून बाहेर आल्या. दोघांतल्या एकानं त्यांना ओळखलं, आणि त्याचा हात दंडाकडे गेला. शेवटी दोघंही जेवून गेले. जाताना त्यांनी विहारातून पाण्याचे ड्रम आणून दिले.

नाताळच्या सकाळी हॉलमध्ये लेकरांची अंथरुणं पसरलेली होती. उपासना कुठं घ्यायची हा प्रश्न होता. तो सोडवला सचिवकाकांनीच. निजलेल्या लेकरांना उठवायचं नाही, असं सांगून त्यांनी आवारात, फाटक्या मंडपाच्या बांबूंखाली खुर्च्या मांडल्या. पाहुणे पाळक तिथंच उभे राहून बोलले. नंतर भाऊसाहेबांची ट्रॉली आली, गारांनी झोडलेल्या संत्र्यांनी काठोकाठ भरलेली. मंडीत आता हा माल कोणी घेणार नाही, सडण्यापेक्षा खा, एवढंच ते म्हणाले. त्या वर्षी आमच्या केकचे डबे भट्टीत गेलेच नव्हते. चर्चची, विहाराची, बागेची माणसं एकत्र बसून संत्री सोलत होती. हॉल, आवार, लेकरांचे केस, सगळ्याला संत्र्याचा वास येत होता. आमचे स्वेटर लेकरांच्या अंगावर होते, आणि माझं एका लांब हाताचं ध्यान घालून एक पोरगी बाही गोल फिरवत नाचत होती.

गाणी सुरू झाली तेव्हा बाईंनी ढोलकी काढली. दोन गाणी झाली असतील. मजुरांमधला एक म्हातारा कोपऱ्यात बसून मांडीवर बोटांनी वेगळाच ठेका धरत होता. बाईंनी वाजवणं थांबवलं, त्याच्यापुढे गेल्या आणि ढोलकी त्याच्या मांडीवर ठेवली. असं कधी झालं नव्हतं.

"आता त्यायचं गाणं," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं ताल धरला आणि त्यांच्या बाया हात गुंफून उभ्या राहिल्या. गाणं त्यांच्या बोलीतलं होतं, कोणत्या सणाचं ते आम्हाला कळलं नाही. पण थोड्याच वेळात वहिनी, माझ्या सासूबाई, विहारातल्या पोरी, सगळ्या त्या ओळीत होत्या. सचिवकाका कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि डोळे पुसत होते.

एक-दोन दिवसांत भाऊसाहेबांनी बागेत पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या आणि माणसं कामाला परतली. वाईट कोणी काही बोललं नाही. उलट पुढल्या डिसेंबरात विहारातली मंडळी स्वतःहून विचारायला आली, की यंदा कोणाच्या बागेतली माणसं जेवायला बोलवायची.

असे आणखी काही नाताळ झाले. मग बाईंचे गुडघे गेले. मुलगा भोपाळला नोकरीला, त्यानं आईला न्यायचं ठरवलं, आणि त्याचंही चूक नव्हतं. पावसाळा सरता सरता आम्ही सगळे त्यांना पोहोचवायला पांढुर्णा स्टेशनवर गेलो. चर्चचे, विहारातले, वहिनी, चाचा. गाडी यायला वेळ होता, म्हणून टोळीनं गाणी सुरू केली. भर भाद्रपदात नाताळची गाणी. प्लॅटफॉर्मवरचे लोक हसत होते. गाडी आली, घाई झाली, बाईंना चढवलं, हात हलवले. गाडी सुटल्यावर पाहिलं तर त्यांची निळी बॅग बाकाखालीच राहिलेली.

मी फोन लावला. बाई अजिबात घाबरल्या नाहीत.

"राहू दे तुझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "नाताळले येऊन मीच घेऊन जाईन."

मुलानं नंतर मला ती पार्सलनं पाठवायला सांगितलं. बाईंनी लगेच फोन करून पाठवू नको म्हणून बजावलं. पुढे उंदरांच्या भीतीनं मी बॅग उघडून पाहिली. आत जुनी वर्तमानपत्रं होती, नीट घड्या घालून ठासलेली. दुसरं काहीच नव्हतं. मी चेन लावली, बॅग कपाटावर ठेवली आणि घरात कोणाला बोलले नाही.

डिसेंबरात बाई खरोखर आल्या, खास बॅगेसाठी. काठी टेकत बेकरीत निवाडे केले, खुर्चीत बसून ढोलकी वाजवली, मला चार जणींना विणायला शिकवायला लावलं. आणि परतीच्या दिवशी बॅग पुन्हा राहिली. त्यानंतर दरवर्षी राहत आली.

यंदा डॉक्टरांनी त्यांना प्रवास बंद केला आहे. काल फोन आला. मागे पोरं गाणी बसवत होती, बाहेर टेम्पोत कांबळी चढत होती, मी एका हातात फोन धरून दुसऱ्यानं कोणाला तरी बोलावत होते. बाईंचा आवाज पहिल्यांदाच मला हळू वाटला. त्यांनी सगळ्यांची विचारपूस केली. मग म्हणाल्या, "ते माझी बॅग आहे ना तिथं? कोणाच्या हातानं धाडू नको. जड आहे."

"हो बाई," मी म्हणाले. "लय जड आहे. तुम्हालाच यावं लागेल."