येलदरीच्या काठावर दोन जावांचा कॅम्प

तंबू आला तेव्हा मी क्लासात पोरींना कटोरी ब्लाउजचं कटिंग शिकवत होते. कुरिअरवाल्याने दारातूनच विचारलं, "मॅडम, एवढं लांबलचक काय मागवलं?" आणि मी, सेहेचाळीस वर्षांची शिवणबाई, गळ्यात टेप, नाकावर चष्मा, भर क्लासात म्हणाले, "तंबू." पोरी अशा खिदळल्या की त्या दिवशी एकीचीही कटोरी धड कापली गेली नाही. संध्याकाळी नवऱ्याने खोक्याकडे बघून "कोणासोबत जाणार?" असं विचारलं. म्हणजे स्वतः येणार नाही, हे त्याने तिथल्या तिथे उरकून घेतलं.

मग मी साखऱ्याला फोन लावला. तिथे माझी मोठी जाऊ राहते, शोभाताई. सोयाबीन, तूर, कापूस, सगळं तीच बघते.

"घर हाय, खाट हाय, मच्छरदाणी हाय," ती म्हणाली. "अन् उघड्यावर झोपायला जायचं? काहून?"

"मजा म्हणून."

तिने फोनवरूनच कोणाला तरी गुरांना पाणी पाजायला सांगितलं. मग म्हणाली, "भाकरी किती घेऊ?"

तर अशी आमची मोहीम ठरली. येलदरी धरणाचं पाणी सेनगाव तालुक्यात मागे जिथवर पसरतं, तिथे काठालाच शोभाताईच्या मावसभावाचं रान आहे. त्याचं नाव नामदेवदादा. तिने त्याला फोन करून सांगितलं, "आमी दोघी शनवारी कॅम्पला येऊन राहिलो, जागा ठेव." कॅम्प हा शब्द तिला मीच शिकवला होता आणि तिला तो भलताच आवडला होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढचं वाचलंत की कारण कळेल.

डिसेंबरातला शनिवार. हिंगोलीहून स्कूटीवर तंबू आडवा बांधून निघाले ती तासाभरात सेनगावला. रस्ता मधेमधे झकास, मधेमधे नुसता खड्ड्यांचा. कापसाच्या गाड्या गेल्यामुळे दोन्हीकडच्या बाभळींना कापूस लटकलेला होता. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी एसटीने यावं, हिंगोली-सेनगाव गाड्या बऱ्याच आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट. पुढे मात्र काळीपिवळी जीप, आणि ती भरली की सुटते, घड्याळ बघून नाही. स्टँडसमोर वीस रुपयांत गरम भज्यांची प्लेट मिळते, सोबत मिरची मागावी लागते.

शोभाताई साखऱ्याहून जीपने सेनगावला आली. उतरली तेव्हा तिच्याजवळ भाकरीचं गठुडं, विळा, कळशी, घोंगडं आणि बैलाचं एक दावं. मी विचारलं, "दावं कशाला?" तर म्हणे, "असू दे." माझ्या सॅकमध्ये काय होतं विचाराल, तर झोपायची पिशवी, बॅटरी, सनस्क्रीन आणि एक घडीचा पाट, जो बसल्याबरोबर मोडला.

पाणी दिसलं तेव्हा मी स्कूटी थांबवलीच. आपल्याकडे एवढं पाणी बघायची सवय नाही हो. निळंशार, पार टेकड्यांच्या पायापर्यंत गेलेलं, मधे बदकांचे थवे. मी ओरडले. मागच्या सीटवरून शोभाताई म्हणाली, "गाडी धर नीट," आणि पाच मिनिटांनी स्वतःच पाण्यात पाय बुडवून लहान पोरीसारखी पाणी उडवायला लागली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं तरी बाई वर यायला तयार नाही.

तंबू लावायचा कसा, त्याचा कागद इंग्रजीत होता आणि चित्रं उलटी वाटत होती. मी आधी शिवण तपासली. दुहेरी होती, वरून पट्टी मारलेली, मन भरलं. काठ्या मात्र काही केल्या उभ्या राहीनात. शेवटी शोभाताईने दावं काढलं, एक टोक बाभळीला बांधलं, एक दगडाला, आणि तंबू ताठ. तिने त्या दाव्याबद्दल एक शब्द काढला नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, ते जास्त लागलं.

तेवढ्यात शेळ्या आल्या. एकीने आमची दोरी चघळायला घेतली. मागून काठी टेकत एक म्हातारी आली, तंबूजवळ थांबली, त्यावर काठी आपटून म्हणाली, "ह्या रानात लाल ट्रॅक्टर कोणी लावलं?"

"ट्रॅक्टर न्हाई, आजी, तंबू हाय," शोभाताई म्हणाली.

म्हातारीचं नाव कौसाबाई. टेकडीपलीकडे तिच्या मुलाचं घर आणि शेळ्या कोंडायचा वाडगा. सतरा शेळ्या. चहा दिला तर कप तिच्या हातात नेऊन धरावा लागला. दोन्ही डोळ्यांपुढे धुकं, म्हणाली, दोन वर्सं झाली.

"मग शेळ्या कशा ओळखता?" मी विचारलं.

"घंटीवरून. समद्या घंट्या येगळ्या हायत. पर परवा एक काट्यात अडकली, हललीच न्हाई, तर घंटी वाजलीच न्हाई. पोरगा तवापासून म्हनून राहिला, येत्या बाजाराला समद्या इकून टाकू." तिने कप खाली ठेवला, तो दगडावर कलंडला. "शेळ्या गेल्या तर म्या दिसभर काय करू, बाई? भिताडाला टेकून बसू?"

पण ती स्वतःच हसली. "उद्या डोळ्याचा कॅम्प येऊन राहिला म्हनं आमच्या हितं. चष्मा भेटू दे, मग कोन इकतो ते पाहते."

"जा, आजी, नक्की जा," मी म्हणाले. मी इथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. "अशा कॅम्पला चांगले डॉक्टर येतात. तुमचं काम होणारच."

संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवर पिठलं टाकलं, राखेत वांगी भाजली आणि नामदेवदादाच्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या. शेंगा सोलता सोलता शोभाताईने आमच्या सासूबाईंची अशी हुबेहूब नक्कल केली की मला ठसका लागला. वीस वर्षं मी सणावाराला या बाईच्या पाया पडून परत येत होते आणि ही एवढी नकलाकार आहे हे मला माहीतच नव्हतं. थंडी कडाक्याची पडते, घोंगडं घेऊन जाच. माझी झोपायची पिशवी पायाशी पडून राहिली, आम्ही दोघी घोंगड्यात.

रविवारी सकाळी टेकडी चढायचा बेत होता. वरून दोन्हीकडचं पाणी दिसतं असं नामदेवदादा म्हणाला होता. मी ब्रश तोंडात घेऊन, ट्रॅकपँटवर, तंबूची चेन उघडून बाहेर आले.

समोर माणसं बसली होती. वीसेक तरी असतील, बहुतेक म्हातारी, ओळीत, उकिडवी. प्रत्येकाच्या हातात आधारकार्डाची झेरॉक्स.

"डॉक्टरीणबाई," पहिला आजोबा उठला, "नंबर हितूनच का?"

माझ्या तोंडात फेस. नामदेवदादा पुढे झाला, इस्त्रीचा शर्ट घालून. "म्या समद्या गावाला बराबर सांगितलं. कॅम्प हाय म्हनून."

"दादा, कसला कॅम्प?"

"आता ते तुमालाच ठाव. मागल्या साली तर डोळ्याचा होता."

शोभाताईने पदर तोंडात कोंबला आणि तंबूमागे गेली. तंबू हलायला लागला, म्हणजे ती त्याला धरून हसत होती. मी चूळ भरली आणि सगळं खरं सांगितलं, की आम्ही डॉक्टर नाही, मी ब्लाउज शिवते, ही शेती करते, आणि कॅम्प म्हणजे नुसतं पाण्याकाठी येऊन राहायचं.

आजोबा विचारात पडले. "म्हंजी तुमी निस्त्या झोपायला आलात?"

"हो."

"काहून? घर गळतंय का?"

मग जो हशा उठला त्यात मीही होते. पण माणसं सकाळचं काम टाकून आली होती, त्यांना तसंच कसं पाठवायचं? मला एक सुचलं. माझ्या सॅकमध्ये सुईदोरा असतोच, आणि जवळचं बघायचे माझे दोन चष्मे. एकेकाला चष्मा घालून सुई ओवायला दिली. ज्याला ओवता आली, त्याला सांगितलं की तुमचं नुसत्या चष्म्यावर भागेल असं दिसतं, पण एकदा सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. तो पहिला आजोबा सुई ओवून झाल्यावर इतका खूश झाला की उसवलेली बाही तिथेच शिवायला बसला. दोन बायका एकमेकींना चष्मे घालून बघत होत्या. शोभाताई शाळामास्तरणीसारखी नावं पुकारत होती. मला इतकी मजा आयुष्यात कुठल्या सहलीत आली नव्हती.

शेवटी घंट्या ऐकू आल्या. कौसाबाई शेळ्या घेऊन, नवं पातळ नेसून आली. खरं काय ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती समोर बसली, मी चष्मा लावला, सुई हातात दिली.

"सुई कुठं हाय?" तिने विचारलं. सुई तिच्या बोटांत होती. दुसरा चष्मा लावला, तेच. मग मी तिला सांगितलं, की आजी, इथे डॉक्टर नाहीत, कॅम्प नाही, चूक झाली.

ती रागावली नाही. "पर तुमीच म्हनल्या, जा म्हनून," एवढंच बोलली आणि चष्मा काढून, हाताने चाचपून माझ्या मांडीवर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इथून तुमचं घर किती लांब?" मी विचारलं. "तुमच्या मुलाशी बोलायचंय."

टेकडीवर तर जायचंच होतं. आता कारण बदललं. पुढे कौसाबाई, मग शेळ्या, मग आम्ही. ज्यांना ही वाट करायची असेल त्यांच्यासाठी, चढ सोपा आहे, तासाभराचा, पण बूट घाला, कुसळं फार. पळस, बाभळी, मधेच सीताफळाची झुडपं. म्हातारी आमच्या दोघींच्या पुढे होती. "पायाला समदं ठाव हाय," म्हणाली. माथ्यावरून खरंच दोन्हीकडे पाणी दिसलं, उन्हात चमकणारं, आणि मला फोटो काढायचा विसरच पडला.

तिचा मुलगा ज्ञानोबा वाडग्याला काट्यांचं कुंपण घालत होता. हातांवर ओरखडे. शोभाताईच बोलली. ती अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यासारखी बोलते. "आमी हिला हिंगोलीला नेतो, डोळे दाखवतो. तेवढा एक बाजार थांब."

"आक्का, मला का शेळ्या जड झाल्या?" तो म्हणाला. "ही कवा कुठं पडल, त्याची तकलीफ हाय. मजुरीहून आलो की हिला अन् शेळ्याला हुडकत फिरतो." मग कुंपणाकडे बघत म्हणाला, "थांबतो एक बाजार. त्याच्या म्होरं न्हाई."

कौसाबाई हे सगळं ऐकत होती आणि तोंड फिरवून उभी होती. मुलाशी ती बोलतच नव्हती म्हणे, बाजाराचं निघाल्यापासून.

त्याच दुपारी तंबू गुंडाळला. तो खोक्यातून निघाला होता तेवढ्या पिशवीत परत जातच नाही, हे लक्षात ठेवा. शोभाताई आणि कौसाबाई जीपमध्ये, मी स्कूटीवर मागे. सोमवारी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू, चांगला पिकलेला, ऑपरेशन करून टाकू. एका डोळ्याचं पुढच्याच आठवड्यात झालं. तोवर एक बाजार होऊन गेला होता, पुढच्याच्या आदल्याच दिवशी पट्टी निघाली. शोभाताई साखऱ्याला परतली नव्हती, माझ्याच घरी राहून वेळेवर थेंब घालत होती. पट्टी निघाल्यावर कौसाबाईने आधी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "आवाजावरून तू उंच वाटली होतीस." शोभाताईला पुन्हा पदर कोंबावा लागला.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा. पाण्याला धरून तंबू लावू नका, ज्याचं रान त्याला विचारून लावा, चूल नीट विझवा. दोघींचा खर्च पेट्रोल, जीप, भजी धरून हजाराच्या आत. आणि फोनवर कॅम्प म्हणू नका. मुक्काम म्हणा.

पट्टी निघाली त्याच संध्याकाळी ज्ञानोबा आईला न्यायला आला. उंबऱ्याच्या आत, चपला काढून, अंग चोरून उभा राहिला. कौसाबाई काळा चष्मा लावून खुर्चीत होती. तिने चष्मा जरा वर केला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"ज्ञान्या," ती म्हणाली, "तुझे केस कवा पांढरे झाले?"

"झाले की, दोन वर्सं झाली."

"अन् गाल असे का आत गेले?"

त्याने गालावरून हात फिरवला. मी चहा ठेवला. कप तिने स्वतः उचलला, पण प्यायली नाही, त्याच्या हातांकडे, त्या ओरखड्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "उद्या बाजार हाय ना? निम्म्या इकून टाक."

ज्ञानोबा गडबडला. "आई, आता तर तुला दिसून राहिलं. आता काहून इकायच्या?"

"दिसून राहिलं म्हनूनच," ती म्हणाली आणि आपला कप त्याच्या हातात दिला.