हळद प्यालेली गाडी आणि आक्का

आक्का घरी आल्या की आधी माणसांना भेटत नसत. पदर खोचून दारातल्या गाडीखाली वाकत, जमिनीवरची ओल बोटावर घेत, चोळत, हुंगत आणि मग म्हणत, "हाव, आता टाका चहा."

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, निलंग्याच्या. नवरा गेल्यावर त्याची काळीपिवळी जीप त्यांनी ड्रायव्हर ठेवून चालवली. तिथले मेकॅनिक स्वतःच्या सासूला भीत नसतील एवढे आक्कांना भीत.

मी पन्नाशीत गाडी शिकले. लातुरात बाजारापर्यंत जाऊन आले तरी विमान उतरवल्याचा आव. किल्ली पर्समध्ये ठेवायची नाही, बोटात फिरवायची. भाजीवालीला दिसली पाहिजे ना! त्यात गाडी तापायला लागली. काटा वर, बॉनेटमधून वाफ. आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "बाईच्या हाताला गाडी मानवत नाही. आणखी एकदा तापली की विकून टाकणार."

मग मी काय करावं? हे आंघोळीला गेले की गुपचूप रेडिएटरमध्ये तांब्याने पाणी ओतायचे. कुणीतरी म्हणालं, ट्रकवाले हळद टाकतात, गळती बुजते. मी वाटीभर टाकली. मोहरी तडतडवायची तेवढी राहिली.

नेमक्या तेव्हाच आक्का आल्या. मी बाजारातून येऊन नुकतीच गाडी लावली होती. त्या वाकल्या आणि बोट वर केलं. पिवळंजर्द.

"हे काय गं सुमन?"

"एसीचं पाणी असेल."

"एसीला कावीळ झाली का?"

मी घाबरून रेडिएटरचं झाकण उघडायला धावले. आक्कांनी हातावर चापट मारली. "तापल्या इंजिनाला अन् तापल्या नवऱ्याला लगेच हात लावायचा न्हाई. थोबाड भाजून घेतीस का? बस गुमान."

तेवढ्यात हे बाहेर आले. "आक्का, हिच्या चालवण्यानंच झालं सगळं. उद्याच गिऱ्हाईक बघतो."

"थांब बाळ्या. गाडी सांगून राहिली, तू मधी बोलू नको."

इंजिन निवल्यावर आक्का हातात बॅटरी पेटवून बॉनेटमध्ये शिरल्या. "पाणी वरून खाली येतंय, नजर खालून वर न्यायची," असं पुटपुटत त्या थेंबामागे सरकत गेल्या आणि एकदम थांबल्या. रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, आणि ती बांधली होती लेंग्याच्या नाडीने. मी तर ती कधी पाहिलीच नव्हती.

"ही नाडी कुणाची रे?"

ह्यांचा चेहरा पडला. "पाइप चिरला होता... तात्पुरतं बांधलं."

"फुटका पाइप झाकलास तू, अन् वाईट हात हिचा? लेंगा तरी नीट बांधता येतो का तुला?" मग माझ्याकडे वळल्या. "तू लई शहाणी! चीर तशीच ऱ्हायली, रेडिएटरच्या नळ्या तेवढ्या बुजवल्यास."

पाइप बदलला, रेडिएटर धुतला, कूलंट भरलं. गॅरेजमधून गाडी आली तेव्हा आक्कांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि भावाला म्हणाल्या, "गाडी हिच्याकडंच ऱ्हाईल. तू मागं बस."

हे मागे बसले ते बसलेच. मागून "ब्रेक, ब्रेक" म्हणत राहिले आणि मी आरशातून त्यांना टोमणे मारत राहिले. गेल्या वर्षी आक्का गेल्याचा निरोप आला, तेव्हा निलंग्याला गाडी मीच नेली. हे मागे तोंडाला रुमाल लावून रडत होते. मी आरसा हळूच वर फिरवला आणि रस्त्याकडे बघत राहिले.