जयवंतीचा टेकू

जयवंतीला फार राग येतो, असं वसईजवळच्या आमच्या गिरीज गावात सगळे सांगतात. कशाचा येतो, ते मात्र कुणी विचारत नाही. मी सांगते. मी आल्बिना. तिच्या वाडीला लागून आमची वाडी, मधे एक पाट आणि जास्वंदीचं कुंपण. ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून, म्हणजे एकतीस वर्षं, तिचा राग मी कुंपणाच्या या बाजूने ऐकत आलेय. माझ्या मते तो कमीच पडतो.

आधी टेकू म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय. राजेळी केळीला घड धरला की ती पुढे कलते. घड वजनदार, खोड पाण्याने भरलेलं. जरा वारा आला की मुळासकट आडवी. म्हणून दोन बांबूंची कैची बांधून तिच्या गळ्याखाली लावतात. तो टेकू. घड उतरला की टेकू काढायचा, केळ कापून टाकायची, म्हणजे बुंध्याशी आलेलं पिल जोमाने वाढतं. घड उतरलेली केळ उभी ठेवली तर ती पिलाचं खाते. लोक घडाचं कौतुक करतात, केळीचं करतात. टेकू कुंपणाला उभा करून ठेवतात आणि विसरतात.

जयवंतीचे यजमान मधूभाऊ मुंबईत एका कंपनीत नोकरीला होते. सकाळी सहाला घराबाहेर, रात्री जेवायला घरात. वाडी तिने केली. पाणी तिने सोडलं, केळी तिने लावल्या, सासू-सासऱ्यांची दुखणी तिने काढली, मुलाला, उमंगला, तिने शिकवलं. मधूभाऊ निवृत्त झाले आणि तिसऱ्याच वर्षी गावातल्या मंडळाने उत्तम बागाईतदार म्हणून त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. माईक हातात आल्यावर ते म्हणाले, "माझी पत्नी माझा टेकू आहे. तिच्यामुळेच मी उभा आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, त्याची मला अजून लाज वाटते. परत येताना जयवंती मला म्हणाली, "चारशे माणसांत मला बांबू म्हणाले ते. आणि तू टाळ्या वाजवल्यास."

दोन वर्षांपूर्वी पाटाच्या शेवाळावरून पाय घसरून तिचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. अंथरुणात पडल्या पडल्या ती सगळ्यांवर खेकसायला लागली. उमंग बंगळुरूहून चार दिवसांसाठी आला होता. त्याने आईच्या फोनवर एक खेळ घालून दिला, झुंजवन नावाचा. त्यात राक्षस पाळायचे, वाढवायचे, त्यांना डावपेच शिकवायचे आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी झुंजवायचे. "आई, तुझा राग इथे काढ," असं म्हणून तो विमानात बसला. मस्करीत म्हणाला होता. तिने मनावर घेतलं.

मला सुरुवातीला त्यातलं ओ की ठो कळेना. पण रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की मी तिच्या ओटीवर बसायची, ती फोन दाखवायची, आणि हळूहळू मला लळा लागला. तिच्याकडे एक कातळगवा होता. दगडाच्या अंगाचा, मंद, पण त्याच्या मारासमोर कुणी टिकत नसे. त्याचा मोठा डाव म्हणजे कडेलोट. एक कडेलोट बसला की समोरचा गेलाच. मात्र त्यानंतर गव्याची निम्मी ताकद जाते. सगळी तरणी पोरं त्याला पहिल्याच फेरीत उतरवतात, कडेलोट मारतात आणि तो ढिला पडला की घाबरून मागे बोलावतात. आता मागे बोलावलं की त्याच्या जागी जो आत येतो त्याला आल्या आल्या समोरच्याचा मार बसतो. का म्हणून? त्याने काय केलंय?

जयवंती तसं करत नसे. ती गवा राखून ठेवायची. समोरच्याचं बळ ओसरलं की उतरवायची, कडेलोट मारायचा आणि मग त्याला तिथेच पडू द्यायची. पडला की पुढचा राक्षस मार न खाता, ताजातवाना आत. मी म्हटलं, "अगं, इतका वाढवलास आणि मरू देतेस?"

"घड उतरला ना? मग आता कशाला उभा ठेवायचा?" ती म्हणाली. "पिलाचं खाईल."

चार महिने खपून वाढवलेला तो गवा घेऊन ती फोनवर कुठल्या कुठल्या गावच्या लोकांना धूळ चारत होती. त्या चार महिन्यांत तिचा आवाज कुंपणापलीकडून फारसा आला नाही. मी तर देवाचे आभार मानले.

मग नीलेश आला. नीलेश म्हणजे तिच्या थोरल्या दिराचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, चांगल्या नोकरीचा, वाडीत कधी चिखलात पाय न घातलेला. तोही झुंजवन खेळायचा. वसईत एका हॉलमध्ये स्पर्धा होती. गावागावांतून जोड्या यायच्या होत्या. जोडीतल्या दोघांनी दोन दोन राक्षस आणायचे, मैदानात एका वेळी प्रत्येकाचा एक. गिरीजमधून नीलेश आणि जयवंती अशी जोडी ठरली. ठरली म्हणजे नीलेशने ठरवली, कारण त्याला तिचा गवा हवा होता.

"काकी, तू सपोर्ट खेळ," तो म्हणाला. "ते दवकासव घे, जखमी झालेल्याला बरं करायचं. ते तुला मस्त जमतं. अटॅकर मी हँडल करतो. गवा मला ट्रान्सफर कर, फक्त स्पर्धेपुरता."

"गवा मी वाढवलाय," जयवंती म्हणाली.

"हो गं, पण स्टेजवर प्रेशर असतं."

आत पेपर वाचत बसलेले मधूभाऊ तिथूनच बोलले, "अगं, दे की. घरचाच पोरगा आहे. तू मागे टेकू असलीस की त्याला जोर येईल."

मी तिथेच होते. मला वाटलं, आता ही दोघांना वाडीच्या बाहेर काढणार. तिने नुसतं फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या देते." मी एवढी भडकले की चहाही न घेता उठले. एकतीस वर्षं नुसतं खेकसायचं आणि वेळ आली की देऊन टाकायचं, याला राग म्हणतात का? कुंपणावरून मी तिला हेच सुनावलं. ती आपली केळींना पाणी सोडत राहिली, त्यामुळे माझा आणखी तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी नीलेशच्या फोनवर गवा गेला आणि तासाभरात तो धावत आला. "काकी, याचं नाव काय ठेवलंयस?"

झुंजवनात राक्षसाला आपलं नाव ठेवता येतं. तो दुसऱ्याला दिला तर नाव बदलता येत नाही. ज्याने वाढवला त्यालाच तो हक्क. आणि वाढवणाऱ्याचं नावही खाली कायमचं राहतं. देण्याआधी जयवंतीने गव्याचं नाव ठेवलं होतं टेकू.

"लोक हसतील ना," नीलेश म्हणाला.

"कशाला हसतील?" ती म्हणाली. "टेकू म्हणजे चांगलंच असतं की. तुझे काका भर सभेत बोललेत."

स्पर्धेच्या दिवशी हॉल खच्चून भरलेला. स्टेजवर भला मोठा पडदा. माईकवर मुंबईचा एक तरुण होता, त्याला टेकूचा अर्थ काय ठाऊक? दगडी गवा पडद्यावर उतरला की तो ओरडायचा, "और ये आया टेकू!" आणि आमच्या बाजूची माणसं हसायची. सुरुवातीला. टेकूने पहिल्या तीन फेऱ्यांत सहा राक्षस लोळवले, तेव्हा हसणं थांबलं. मग परक्या गावची माणसंही टेकू, टेकू करत बाकांवर उभी राहिली. मधूभाऊही ओरडत होते. जयवंती नीलेशच्या बाजूला बसून कासवाकडून दव शिंपडत होती. प्रत्येक वेळी नीलेश तिला न बघता सांगायचा, "काकी, हील." जसं पाणी आण म्हणावं.

शेवटची झुंज जूचंद्र गावच्या हरेशच्या जोडीशी होती. हरेश खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांचा मुलगा, शांत, कुणाला उगाच न बोलणारा. त्यांचे तीन राक्षस गेले होते, उरला होता हरेशचा लोखंडी खेकडा, तोही अर्धा. आपल्याकडे टेकू, कासव, आणि मागे नीलेशचं एक चपळ वटवाघूळ ताजंतवानं बसलेलं; जयवंतीचा दुसरा राक्षस आधीच पडला होता. पण टेकूचा कडेलोट मारून झाला होता. ताकद निम्मी, जीव जेमतेम.

"काकी, हील कर. टेकूला वाचव," नीलेश म्हणाला. तिने बोट हलवलं नाही. "काकी, लवकर. तो गेला तर आपण गेलो."

मी पहिल्या रांगेत होते. तिचा चेहरा मला दिसत होता. सत्काराच्या दिवशी होता तोच. दव शिंपडलं तर टेकूच्या जखमा भरतील, पण गेलेली ताकद परत येणार नाही, हे मला कळत होतं. आणि सहा वर्षांपासून हा खेळ खेळणाऱ्या, केळीच्या वाडीत जन्मलेल्या त्या दीडशहाण्याला कळत नव्हतं. घड उतरलेल्या केळीला टेकू लावत बसला होता तो.

जयवंतीने कासवाला दव शिंपडायला सांगितलंच नाही. चावायला सांगितलं. कासव जाऊन खेकड्याला चावलं, कवच तडकलं. खेकड्याने टेकूला आडवा केला. हॉलमधून हाय निघाली. नीलेश दात-ओठ खात म्हणाला, "काय केलंस तू?"

"केळ कापली," ती म्हणाली. "आता पिल सोड."

वटवाघूळ मार न खाता आत आलं, पहिला वार त्याचाच, आणि खेकडा संपला. गिरीज जिंकलं.

आता ऐका. नीलेशला स्टेजच्या मधे उभं केलं, करंडक त्याच्या हातात, कारण शेवटचा वार त्याच्या वटवाघळाचा. जयवंती कडेला. माईकवाल्याने विचारलं, जिंकलास कसा? नीलेश हसून म्हणाला, "रिस्क घ्यावी लागते. टेकूला जाऊ देणं हा माझा कॉल होता. आणि अर्थातच, मागे काकीचा टेकू होता, म्हणून मी उभा आहे." टाळ्या. माझ्या अंगाची आग झाली. या वेळी मी हात मांडीखाली दाबून बसले.

हरेश स्टेजवरच होता. पडद्यावर अजून पडलेल्या गव्याचं चित्र होतं. त्याने त्यावरची नावं वाचली आणि विचारलं, "यो गवा कुनाचा हाय? नाव टेकू, आन् खाली जयवंती लिवलंय. जयवंती कोन?"

नीलेशने करंडक या हातातून त्या हातात घेतला. जयवंती पुढे आली आणि तिने माईकवाल्याच्या हातातून माईक घेतला, मागितला नाही.

"जयवंती मी," ती म्हणाली. "टेकू गव्याचं नाव आहे. माझं नाव त्याच्या खाली लिहिलंय, मराठीत लिहिलंय, आणि माझ्या पुतण्याला वाचता येतं." मग माईक खाली न ठेवता नीलेशकडे वळली. "स्पर्धेपुरता दिला होता. स्पर्धा झाली. दे परत."

"घरी गेल्यावर देतो ना, काकी."

"आत्ता."

एवढ्या माणसांसमोर त्याने फोन काढला आणि गवा परत दिला. हरेश तिला म्हणाला, "काकी, पुढच्या वेलंला माझ्यासंगती खेला. गवा तुम्हीच धरा." ती हो म्हणाली, लगेच म्हणाली.

परत येताना रिक्षात आम्ही तिघं होतो. मधूभाऊ थोरल्या भावाला फोनवर सांगत होते, "हो, हो, आपल्या नीलेशने आणला करंडक. नाही, हिने टेकू दिला होता म्हणून तर."

जयवंती बाहेर बघत होती. गिरीजच्या वाड्या सुरू झाल्या होत्या, रस्त्याला लागूनच राजेळी घडांनी वाकलेल्या. मधूभाऊंनी फोन ठेवायची ती वाट बघत होती. त्यांनी ठेवला.

"दिला होता," ती शांतपणे म्हणाली. "आता काढून घेतलाय."

मधूभाऊ गिरीजचे. भरल्या घडाचा टेकू काढल्यावर काय होतं, ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.