तारोडीला मिळालेली सही

मी जुन्या अमेरिकन कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या गोळा करतो. शिक्षण बारावीला सुटलं, इंग्रजी अजून ओळीवर बोट ठेवून वाचतो, पण शांती नगरातल्या आमच्या कपाटाचा एक कप्पा भरलाय. त्यात लेखकाची सही असलेली प्रत मात्र एकही नव्हती. त्यामुळे भाईंदर पूर्वेच्या रद्दीवाल्याने तारोडीतल्या एका म्हातारीचं नाव काढल्यावर रात्रभर झोप लागली नाही.

“उसका मरद जहाज पे था, उधर से लेखक की साइन वाली किताब लाया,” तो म्हणाला. “पर तुम पढ़ोगे, या खाली सूंघोगे?”

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस मिळते. सुटे पैसे ठेवा, खिडकी धरा. मिठागरं मागे पडली की सुकत्या बोंबलांचा वास येतो. उत्तनला वडापाव खाल्ला, पुस्तकाला तेल लागू नये म्हणून दोनदा हात धुतले आणि रिक्षा केली.

तारोडीत भर दुपारी रस्त्यावर कुणी नव्हतं. सगळे दफनभूमीत होते. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाचा दिवस येतो, त्याआधी इथली ख्रिस्ती कुटुंबं आपल्या माणसांच्या क्रुसांवरची पुसट अक्षरं काळ्या रंगाने गिरवतात. वाकलेल्या पाठी, हातात बारीक ब्रश.

रद्दीवाल्याने सांगितलेल्या मावशी मात्र घरीच भेटल्या. त्यांच्या बोटांनाही काळं लागलेलं होतं. पुस्तक त्यांनी लगेच पुढे केलं. आवृत्ती पहिलीच होती. सही बघायला पान उजेडात तिरपं धरलं. सही काळीभोर चमकत होती. भिंगातून पाहिलं तर काळ्या रेषेच्या कडेला खालची जुनी तपकिरी शाई दिसत होती.

“मावशी, ही कुणी गिरवली?”

“मीच. दरसाल गिरवतंय. लिवणारा मेला, त्याचं इथं कोन हाय?”

सहीखाली त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं, तेही तसंच काळं.

“कुणाचंही नाव गिरवता?”

“न्हाय रं. जित्याचं गिरवायचं नसतं.”

गिरवलेल्या सहीला संग्राहक हात लावत नाहीत. मला हे माहीत होतं, तरी पुस्तक हातातून सुटेना. मावशींनी मेणबत्त्यांपुरते पैसे घेतले.

“नेतोस तर नाव टाक. त्याच्या खाली.”

पुस्तकात मी फक्त पेन्सिलने लिहितो. तसंच फिकट लिहिलं. मावशी पुस्तक गुंडाळायला आत घेऊन गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा पुडकं दोऱ्याने घट्ट बांधलेलं होतं.

“जप,” एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन दोरा सोडला. पान उघडलं. लेखक, त्यांचा नवरा आणि त्याखाली मी. तिन्ही नावं काळी. माझ्या नावावर बोट ठेवलं तर शाई बोटाला आली.

मी आईला हाक मारली. स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. पुन्हा मारली.

“अरे, कुकर लावतेय. काय झालं?”

खाली बसलो.

तारोडीला जरूर जा, समुद्र छान आहे. सही असलेली प्रत आता माझ्याकडे आहे, बाजारात तिला कुणी विचारणार नाही. शाई केव्हाच वाळली. मी मात्र घरात शिरलो की आधी आईला हाक मारतो, आणि ती “काय रे सारखं सारखं?” म्हणेपर्यंत दारातच उभा राहतो.