उजवा पाय सरळ ठेवायचा

बाबांनी जन्मात कोणाला आपल्या पायांना हात लावू दिला नाही. धम्म घेतलेलं आमचं घर, आणि लहानपणी त्यांनी आजोबांना गावभर वाकताना पाहिलेलं. "आपन कोनापुढं वाकत नाई, आन् कोनाले वाकू देत नाई," हा त्यांचा कायदा. माझ्या लग्नात नवरदेव वाकला, तसे बाबा झटकन मागे सरकले आणि मांडववाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीसकट आडवे झाले. व्याह्यांना वाटलं, मानपानात काही बिनसलं. मी हसून हसून बेजार.

राजूरच्या कोळसा खाणीत ते पंप चालवायचे. खाली पाणी साचू द्यायचं नाही, एवढंच काम, पण तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर अधूनमधून यवतमाळला माझ्याकडे येऊन राहत. मागच्या वर्षी असेच आले असताना सकाळी त्यांनी चहाचा कप अर्धाच पिऊन खाली ठेवला आणि म्हणाले, "पित्त झालं वाटते. सोडा आन." शर्ट घामानं पिळून काढावा असा झाला होता. मी एसटीत कंडक्टर, डोकं माझं तसंही लवकर तापतं. हॉस्पिटल येईपर्यंत ऑटोत मी त्यांना रागावतच होते. भीती वाटली की मला आधी राग येतो.

अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर बाहेर आल्यावर मी विचारलं, "झालं ना?"

"नस उघडली," ते म्हणाले. "पण हृदयानं फार मार खाल्लाय. प्रेशर चढत नाही."

याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात, असं त्यांनी समजावलं. अंगाला रक्त पोचवायला लागतो तेवढा जोरच हृदयात उरत नाही. आता मशीनची मदत द्यायची. जांघेतल्या नसेतून एक लांबट फुगा छातीतल्या मोठ्या नसेपर्यंत न्यायचा. हृदय सैल पडलं की फुगा फुगणार, हृदय दाबायला लागलं की मिटणार, म्हणजे हृदयावरचा भार तेवढा हलका. मी सही केली. पण बापाच्या छातीत फुगा, हे काही केल्या डोक्यात शिरेना. मला फुगा माहीत तो जत्रेतलाच.

आयसीयूत बाबा शुद्धीवर होते. मशीनची टकटक ऐकत पडले होते. "पंपच हाय ना हा?" त्यांनी सिस्टरला विचारलं. "बंद पडला त दुसरा ठेवला हाय का?"

"बंद नाई पडत, बाबा. फक्त उजवा पाय सरळ ठेवायचा. गुडघा वाकला की नळी दुमडते, मंग मशीन थांबते."

हे तिनं मलाही बजावलं होतं, दोनदा. दर तासाला ती चादर सारून त्यांच्या पावलांवर बोटं ठेवायची, पायापर्यंत रक्त पोचतंय का ते पाहायला. पहिल्या वेळी बाबा चांगलेच दचकले. "पाया नाई पडून राह्यली, बाबा, नाडी पाहून राह्यली," ती म्हणाली, आणि त्या घाबरलेल्या दिवसात मी एकदाची हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला बोलावलं. लघवी कमी झाली होती. प्रेशर होतं ते मशीनच्याच जिवावर. "भेटून घ्या," ते म्हणाले. असं कधी म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक असतं.

बाबांचे डोळे मिटलेले होते. दिवसभर बसमध्ये लोकांना 'पाय आत घ्या, पाय आत घ्या' म्हणून ओरडणारी मी, माझ्याच डोक्यातून तो उजवा पाय गेला. चाळीस वर्षांत जे करू दिलं नाही ते आता तरी करून घ्यावं, एवढंच मनात आलं. मी वाकले आणि त्यांच्या पावलांवर डोकं टेकवलं. पावलं थंडगार होती.

बाबा झोपलेले नव्हते. माझं कपाळ लागलं आणि त्यांनी दोन्ही पाय झटकन वर ओढून घेतले.

मशीन किंचाळायला लागली. पडद्यावरची एक रेघ सपाट झाली. मी बापाला मारलं, असं मी मोठ्यानं म्हटलं, मनात नाही. सिस्टर धावत आली. एका हातानं तिनं त्यांचा गुडघा खाली दाबला, दुसऱ्या हातानं जांघेपाशी नळी चाचपली, मग बटण दाबलं. काही नाही. प्रेशरचा आकडा उतरत होता आणि मी तो वाचून दाखवत होते, गाडीत थांबे पुकारते तसा. तिनं परत बटण दाबलं. थोड्या वेळानं टकटक सुरू झाली.

"काय केलं तुमी?"

"पाया पडली."

"कायले?"



डॉक्टरांनी तपासून नळी जागेवर असल्याचं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी बाहेर बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

त्यानंतर मी आत गेले की उशाशीच उभी राहायचे. पायांकडे फिरकत नव्हते.

चौथ्या दिवशी प्रेशर सावरलं, लघवी सुटली, तशी मशीनची मदत कमी करायला घेतली. आधी दर ठोक्याला होती, ती एक सोडून एक झाली, मग तिसऱ्याला. बाबा पडद्याकडे पाहत म्हणाले, "पंप आता आराम करून राह्यला. समदं काम मलेच लावलं." संध्याकाळी फुगा काढला. पाय मात्र अजून काही तास सरळच ठेवायचा होता.

सिस्टर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटपाशी अडकली होती. बाबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"माय, पाय थंड त नाई ना पडला? तू पाह्य."

"मी नाई लावत हात."

"नाडी पाह्याले सांगून राह्यलो. पाया पडाले नाई."

मी चादर सारली. बोटं टेकताच पाय आखडला, जन्माची सवय. मग त्यांनी तो आपणहून सावकाश सरळ केला.

"भेटली का?"

भेटली नव्हती. माझीच बोटं हलत होती.

"थांबा, बाबा."

ते थांबले. पाय तसाच माझ्या हातात राहू दिला. मग बोटाखाली ती लागली, बारीक, मशीनवाचून चालणारी.

"भेटली," मी म्हटलं.